दुहेरी बॅटरी आयसोलेटर
ऑस्ट्रेलियाच्या निर्जन अंतर्भागात फिरणाऱ्या फोर-व्हील-ड्राइव्ह वाहनांत फ्रिज व दिव्यांसाठी दुसरी बॅटरी बसविली जाते. इंजिन बंद असताना तिला मुख्य बॅटरीपासून अलग ठेवणारे उपकरण म्हणजे आयसोलेटर. त्यातील व्होल्टेज ओळखणारा रिले साधारणतः १३.३ व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडतो व १२.८ च्या आसपास तोडतो. त्याचे कॉन्टॅक्ट पॉइंट चिकटून बसल्यास रात्रीतून दोन्ही बॅटऱ्या उतरतात आणि वाहन सुरूच होत नाही. दोष कळतो तो बहुधा मुक्कामावरच. डायोडच्या आयसोलेटरमध्ये हलणारे भाग नसतात, मात्र सुमारे ०.७ व्होल्ट वाया जातात. अनेक नव्या वाहनांत इंधनबचतीसाठी अल्टरनेटरचा व्होल्टेज मुद्दाम खाली आणला जातो. तेव्हा इंजिन चालू असूनही निर्दोष रिले जोडणी तोडतो; अशा वाहनांना डीसी-डीसी चार्जरच लागतो.