उज्जैनीचे सात सागर

मंगेशीला जाणाऱ्या गोंयकाराला रामचंद्र मल्हार सुखटणकर हे नाव परके वाटू नये. त्यांच्याच शब्दावरून १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानाला दिला. हेच रामचंद्रबाबा राणोजी शिंद्यांचे दिवाण. उज्जैनच्या महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात त्यांनीच पुन्हा उभे केले. मंगेशीला देवळाशी तळी आहे, तसे महाकालाच्या आवारात कोटितीर्थ कुंड.

पण उज्जैनचे खरे जलवैभव देवळाबाहेर होते. तिथे पाऊस वर्षाला सुमारे ९०० मिलिमीटर, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. क्षिप्रा पावसावर जगणारी नदी, उन्हाळ्यात तिची धार आटते. म्हणून जुन्या शहराने पावसाचे पाणी तलावांत अडवले आणि त्यांना 'सागर' म्हटले: रुद्रसागर, पुष्करसागर, क्षीरसागर, गोवर्धनसागर, रत्नाकरसागर, विष्णुसागर आणि पुरुषोत्तमसागर. अधिक मासात भाविक या सातांची यात्रा करतात. रुद्रसागराला मीठ, क्षीरसागराला दूध, पुरुषोत्तमसागराला मालपुवा, असे प्रत्येकाचे दान ठरलेले. यात्रेच्या निमित्ताने गावाची नजर प्रत्येक काठावरून फिरत असे, हे मला त्या दानापेक्षा मोलाचे वाटते.

पुढे नळ आले, नजर हटली. काही सागर गाळाने भरले, काहींवर घरे चढली. क्षीरसागराच्या नावाचे तर आज मैदान आहे! शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये नर्मदेचे पाणी पंपांनी डोंगर चढवून क्षिप्रेच्या उगमाशी सोडण्यात आले. २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी क्षिप्रेत डुबकी मारली, ती बऱ्याच अंशी नर्मदेच्या पाण्यात.

आता पाऊसही बदलला आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे संशोधक सांगतात. असा पाऊस दोन दिवसांत येऊन वाहून जातो. त्याला धरून ठेवायला खोलगट जागा लागते, आणि तीच आपण बुजवली. रुद्रसागर अलीकडे साफ झाला, हे चांगलेच. पण एका सागराने सातांची तहान भागत नाही.

आपल्याकडे याच्या तिपटीने पाऊस पडतो, तरी मे महिन्यात गावागावांत टँकर फिरतात. आपल्या गावच्या तळीचा गाळ शेवटचा कधी काढला होता, हे एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पाहा.