परदेशी विद्यार्थी व विद्यापीठीय अध्यापन

भिन्न देशांतून, भिन्न शालेय संस्कार घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांसाठी, अभ्यासक्रमाचा दर्जा न घटविता, व्याख्यान, पाठ्यसामग्री आणि परीक्षा यांत करावयाचे फेरफार या विषयाखाली येतात. महाराष्ट्रात हा प्रश्न मुख्यतः पुण्यात उपस्थित झाला. १९५० साली स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर, तसेच स्वखर्चाने, आफ्रिका, पश्चिम आशिया व शेजारच्या देशांतून विद्यार्थी येऊ लागले. तथापि त्यांच्या निवासाची वा शिकवणीची निराळी तजवीज असावी, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक व वसतिगृहाचे रेक्टर शां. ब. मुजुमदार यांना काविळीने आजारी पडलेल्या मॉरिशसच्या विद्यार्थ्यास खिडकीतून जेवण पुरविणारी मुलगी दिसली, आणि त्या प्रसंगातून १९७१ मध्ये सिंबायोसिस संस्था उभी राहिली, असे सांगितले जाते. आरंभ आतिथ्याचा होता. अध्यापनाचा विचार मागाहून आला.

अध्यापनाचा प्रश्न अधिक बिकट आहे. पूर्वी परकीय नागरिकांच्या नोंदणीसाठी दस्तऐवज घेऊन पोलीस आयुक्तालयाच्या खेपा घालणाऱ्या नवागतास तेथील नियम निदान छापील मिळत. परंतु सांगितलेल्या नोट्स शब्दशः उतरवून घेणे, जर्नलवर मुदतीत सही मिळविणे, हजेरी भरली नाही तर टर्म न मिळणे, एटीकेटी म्हणजे नापासी नव्हे तर पुढील वर्गात बसण्याची मुभा, हे आपल्या महाविद्यालयांचे शिरस्ते कोणी लिहून देत नाही. पारिभाषिक शब्दांची यादी तासाआधी देणे, उत्तरपत्रिकेचा नमुना वर्गात सोडवून दाखविणे, तोंडी परीक्षेपूर्वी एकदा सराव घेणे, आणि गटकार्यात एकाच देशाचे विद्यार्थी एकत्र न बसविणे, हे उपाय साधे असून खर्चिक नाहीत. विद्यार्थ्याच्या मौनाचे खापर त्याच्या राष्ट्रीय स्वभावावर फोडण्याची अध्यापकांची सवय मात्र सर्वस्वी त्याज्य होय. पुष्कळदा त्याला प्रश्न कळलेला असतो, उत्तराची इंग्रजी वाक्यरचना तेवढी जुळत नसते.

हीच अडचण भिवंडी तालुक्यातील दापोड्यासारख्या गोदामांच्या गावातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या मुलाचीही असते, म्हणून या फेरफारांचा लाभ केवळ परकीयांना होतो असे मानणे चूक ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये मंजूर प्रवेशसंख्येच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य जागा परदेशी विद्यार्थ्यांना देण्याची मुभा दिली. त्या जागा भरण्यापूर्वी महाविद्यालयांनी वेळापत्रकात या उपायांसाठी जादा तास राखून ठेवावेत, हे अगत्याचे आहे.