हुकूमशहा सज्जन निघाला तर? सालाझारच्या पोर्तुगालची गोष्ट

आजचा भाग एका वाक्यामुळे सुचला. तुम्हीही ते ऐकलं असणार, कदाचित म्हटलंही असेल: "या देशाला दहा वर्षं एक हुकूमशहाच पाहिजे." मध्यंतरी एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले काका मठ्ठा पिता पिता हे म्हणाले. मी विचारलं, "आणि तो हिटलर निघाला तर?" काका म्हणाले, "अरे, तसला नको. प्रामाणिक पाहिजे. चांगला शिकलेला. बायकापोरं नसलेला, म्हणजे खाणार कुणासाठी?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर लक्षात आलं की काकांच्या यादीत तंतोतंत बसणारा एक माणूस इतिहासात होऊन गेलाय, आणि त्याची सत्ता आपल्या अगदी शेजारी, गोव्यावर होती. अंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार.

हिटलर-स्टालिनकडे बोट दाखवून हुकूमशाही वाईट म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा हुकूमशाहीच्या बाजूचा सगळ्यात चांगला साक्षीदार बोलावू आणि त्याचंच ऐकू.

आधी परिस्थिती समजून घ्या. पोर्तुगालमध्ये १९१० साली राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आलं. पुढच्या सोळा वर्षांत चाळीसहून जास्त सरकारं झाली. १९१८ मध्ये राष्ट्राध्यक्षाचा खून झाला, १९२१ मध्ये पंतप्रधानाचा. तिजोरी रिकामी, चलन घसरलेलं. १९२६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा बऱ्याच लोकांना हायसंच वाटलं. पण हिशोब काही लष्करालाही जमेनात. मग त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापकाला बोलावलं.

सालाझार १९२८ मध्ये अर्थमंत्री झाला तो एका अटीवर: कुठल्याही खात्याचा खर्च माझ्या मंजुरीशिवाय होणार नाही. पहिल्याच अर्थसंकल्पात त्याने तूट संपवून शिल्लक दाखवली. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत राहिला. छत्तीस वर्षं!

माणूस म्हणून तो कसा होता? लहान गावातल्या साध्या घरातला. लग्न केलं नाही. सरकारी बंगल्याच्या मागे त्याच्या घरकाम बघणाऱ्या बाईंनी कोंबड्या पाळल्या होत्या. भाषणबाजीचा, मिरवणुकांचा त्याला कंटाळा. मेला तेव्हा त्याच्या नावावर कुठलं घबाड निघालं नाही. दुसऱ्या महायुद्धात त्याने देश तटस्थ ठेवला, म्हणजे हजारो पोर्तुगीज पोरं वाचली. १९६० च्या दशकात अर्थव्यवस्थाही जोरात वाढली. हे सगळं खरं आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता त्याच वहीचं दुसरं पान.

१९३३ मध्ये नव्या राज्यघटनेवर सार्वमत झालं, तेव्हा मत न देणारे लोक 'होकार' म्हणून मोजले गेले. गुप्त पोलीस आले. केप व्हर्दे बेटांवर ताराफाल नावाची छळछावणी उघडली. वर्तमानपत्रं निळ्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय छापता येत नव्हती. १९५८ मध्ये उम्बेर्तो देल्गादो नावाचा जनरल राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. निवडून आलात तर सालाझारचं काय कराल, असं पत्रकारांनी विचारलं. अर्थात काढून टाकणार, असं तो सरळ म्हणाला. त्याच्या सभांना तुफान गर्दी झाली. निकाल अर्थातच त्याच्या विरोधात लागला. मग राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द झाली, आणि १९६५ मध्ये गुप्त पोलिसांनी देल्गादोला स्पेनच्या हद्दीत गाठून मारलं.

"ठीक आहे, विरोधकांना त्रास झाला, पण सामान्य माणसाचं काय?" काका हेच विचारतील. तर सामान्य माणसाच्या मुलाला कित्येक वर्षं सक्तीचं शिक्षण होतं तीन-चार इयत्तांचं. १९७० च्या सुमारासही पोर्तुगालमध्ये साधारण चौघांमागे एक माणूस निरक्षर होता. युरोपात! तिजोरी भरलेली होती, सोनं साठलेलं होतं, आणि गावात शाळा चौथीपर्यंत. १९६० पासून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दहा लाखांहून जास्त लोक देश सोडून गेले, बरेचसे चोरून, डोंगर ओलांडून फ्रान्समध्ये. पॅरिसजवळच्या शांपिन्यी इथल्या चिखलातल्या झोपडपट्टीत हजारो पोर्तुगीज राहत होते. मतपेटी बंद असली की माणूस पायाने मत देतो.

आता गोव्याकडे येऊ, कारण ही गोष्ट तिथे आपल्या घरात शिरते.

१९३० च्या वसाहत कायद्याने गोवेकरांचे उरलेसुरले हक्कही आकसले. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले, ते सभा घेण्याच्या साध्या हक्कासाठी. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालच्या किल्ल्यात पाठवलं. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून जास्त माणसं गेली. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेले आणि सशस्त्र लढ्यात उतरले. त्यांना १९५५ मध्ये पकडलं. १९६१ मध्ये गोवा सुटला, पण रानडे सुटले ते थेट जानेवारी १९६९ मध्ये, लिस्बनजवळच्या तुरुंगातून. त्यांच्या सुटकेसाठी आपल्या बाबूजींनी, सुधीर फडक्यांनी, किती धडपड केली हे घरातल्या जुन्या मंडळींना विचारा.

आणि हा सगळा काळ गोवा, अंगोला, मोझांबिक आपलेच आहेत म्हणून हट्ट धरून बसलेला सालाझार आयुष्यात एकाही वसाहतीत पाऊल ठेवून आला नव्हता.

डिसेंबर १९६१. भारतीय फौजा सीमेवर आल्या. गोव्यात पोर्तुगीज सैनिक साडेतीन हजारांच्या आसपास, समोर त्यांच्या कितीतरी पट. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा याला लिस्बनहून संदेश आला, त्याचा आशय असा: निदान आठ दिवस लढा, तह नाही, युद्धकैदी नाहीत, आमचे सैनिक एकतर विजयी होतील नाहीतर मेलेले असतील. वासालो इ सिल्वाने काही पूल उडवले, थोडा प्रतिकार केला, आणि १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्याच्या त्या सहीने कित्येक पोर्तुगीज सैनिकांचे आणि गोवेकरांचे जीव वाचले. बक्षीस काय मिळालं? मायदेशी परतल्यावर त्याला लष्करातून हाकललं. हजारो मैलांवरून चुकीचा हुकूम देणारा खुर्चीत राहिला, तो हुकूम न पाळून माणसं वाचवणारा गुन्हेगार ठरला.

गोव्यातून काही धडा घेतला का? नाही. त्याच वर्षी अंगोलात युद्ध पेटलं होतं, मग गिनीत, मग मोझांबिकमध्ये. तेरा वर्षं ते चाललं. आठ हजारांवर पोर्तुगीज सैनिक मेले, आफ्रिकन माणसं त्याच्या कितीतरी पट. सरकारी खर्चाचा प्रचंड मोठा वाटा त्यात जळत राहिला. ज्याने पै-पैचा हिशोब लावून नाव कमावलं, त्याच माणसाचा हा खर्च!

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे एखादी सिस्टीम महिनोन् महिने एकही एरर दाखवत नसेल तर अनुभवी माणूस खूश होत नाही, तो आधी बघतो की लॉगिंग चालू आहे ना. सालाझारने लॉगिंगच बंद केलं होतं. पेपर, निवडणूक, सभा, संप, न घाबरता बोलणारा अधिकारी, या सगळ्या चूक कळवणाऱ्या तारा. त्या तोडल्या की हुशार माणसालासुद्धा काही दिसत नाही, आणि त्याला सगळं सुरळीत चाललंय असं मनापासून वाटतं.

हे किती टोकाला गेलं ते ऐका. ऑगस्ट १९६८ मध्ये सालाझार खुर्चीतून पडला, डोक्याला मार लागला, पुढे मेंदूत रक्तस्राव झाला. तो वाचणार नाही असं वाटून सप्टेंबरमध्ये मार्सेलो काएतानोला पंतप्रधान केलं गेलं. पण सालाझार वाचला! आणि त्याला हे सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. मंत्री त्याला भेटायला यायचे, राज्यकारभारावर बोलायचे. जुलै १९७० मध्ये तो वारला, तोपर्यंत आपणच देश चालवतोय अशा समजुतीत तो राहिला. ज्याने अख्ख्या देशाला खरं बोलायला बंदी केली, त्याच्याशी शेवटी घरातलं कुणी खरं बोलेना.

२५ एप्रिल १९७४ ला युद्धाला वैतागलेल्या तरुण लष्करी अधिकाऱ्यांनीच ही राजवट पाडली. लोकांनी बंदुकीच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोचली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोर्तुगालने गोव्यावरचा भारताचा हक्क मान्य केला, तेरा वर्षं उशिरा.

"मग सिंगापूर? दक्षिण कोरिया?" हा प्रश्न येणारच. पार्क चुंग-हींच्या काळात कोरियात कारखाने उभे राहिले हे खरंच आहे. पण त्यांनीही १९७२ मध्ये घटना बदलून सत्ता तहहयात करून घेतली, आणि १९७९ मध्ये त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने जेवणाच्या टेबलावर त्यांना गोळी घातली. बदली करायचा दुसरा रस्ताच उरला नव्हता. शिवाय आपण नेहमी जिंकलेल्या लॉटरीची तिकिटं दाखवतो, हरलेली कुणी जपून ठेवत नाही.

तर हुकूमशाहीने देशाचा फायदा होऊ शकतो का? माझं उत्तर: हो, काही काळ, काही बाबतीत होऊ शकतो. १९२८ च्या पोर्तुगालला झाला. पण तोच माणूस १९६१ मध्ये चुकला तेव्हा त्याला थांबवायला कुणी नव्हतं. फायदा आणि नुकसान एकाच पाकिटात येतं, आणि त्यातलं नुकसान परत करायची सोय नसते.

एक गंमत सांगून थांबतो. २००७ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी टीव्हीने सर्वात थोर पोर्तुगीज कोण यावर लोकांचा कौल घेतला. पहिला आला सालाझार. म्हणजे पंगतीतले काका तिथेही आहेत.

आपल्या काकांना हा भाग मी पाठवतोय. काका, तुमच्या यादीतलं सगळं त्याच्याकडे होतं: प्रामाणिक, शिकलेला, बायकापोरं नाहीत. फक्त तो चुकतोय हे त्याला कोण सांगणार, तेवढं यादीत लिहायचं राहिलंय.

भेटू पुढच्या भागात.