बोरेटचे स्फटिक आणि प्रकाशाची मक्तेदारी

सोनाराचा टाकणखार आणि कॅरम बोर्डावरची बोरिक पावडर या दोन रूपांत बोरॉन आपल्याला ओळखीचा आहे. याच मूलद्रव्याच्या बोरेट नावाच्या क्षारांनी लेझरच्या इतिहासाला वळण दिलं. मला त्यात रस आहे तो रसायनापेक्षा त्यामागच्या राजकारणामुळे.

सुरुवात १९६१ची. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी रूबी लेझरचा लाल प्रकाश क्वार्ट्झच्या स्फटिकातून सोडला. तरंगलांबी ६९४ नॅनोमीटर. पलीकडे बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाशही निघाला, पण इतका क्षीण की फोटोतला त्याचा ठिपका छापताना डाग समजून पुसला गेला. शोधनिबंधात उरला तो फक्त ठिपक्याकडे दाखवणारा बाण!

पुढे हे काम जास्त चांगलं करणारे स्फटिक मिळाले, पण अडचण संपेना. जो स्फटिक प्रकाश जोरदार बदलतो तो बहुधा अतिनील प्रकाश स्वतःच शोषून टाकतो, आणि जो पारदर्शक असतो तो बदलण्यात कमी पडतो. दोन्ही गुण एकत्र कुठे सापडणार?

उत्तर आलं चीनमधल्या फूचौ शहरातून. रसायनशास्त्रज्ञ लू ज्याशी यांनी १९६०मध्ये उभारलेल्या तिथल्या संस्थेत चेन च्वांगथ्यन हे बीजिंगहून आलेले भौतिकशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांचं म्हणणं असं, की स्फटिकाची ही करामत त्यातल्या ऋणभारित अणुगटांवर ठरते. तेव्हा आधी योग्य गट शोधा, मग स्फटिक. सांस्कृतिक क्रांतीत चीनमधल्या प्रयोगशाळा विस्कटल्या, जगाशी संपर्क तुटला, त्या काळात हा विचार आकाराला आला. अंधारात चाचपडण्याऐवजी हिशेब मांडून शोधायची ही रीत मला त्यांच्या कुठल्याही एका स्फटिकाहून मोलाची वाटते.

हिशेबाने बोट ठेवलं बोरेटवर. तीन बोरॉन आणि सहा ऑक्सिजनचं सपाट कडं प्रकाश बदलायला उत्तम, आणि अतिनील प्रकाशालाही बऱ्याच दूरवर वाट देणारं. त्यातून बेरियम बोरेट म्हणजे बीबीओ (१९८५) आणि लिथियम ट्रायबोरेट म्हणजे एलबीओ (१९८९) जगापुढे आले. बीबीओ साधारण १९० नॅनोमीटरपर्यंत पारदर्शक, एलबीओ १६०पर्यंत. १०६४ नॅनोमीटरच्या अदृश्य लेझरपासून ५३२चा हिरवा आणि ३५५चा अतिनील प्रकाश करायला एलबीओ, तर २६६ आणि २१३पर्यंत उतरायला बीबीओ, अशी वाटणी झाली. बीबीओतून एका फोटॉनचे दोन जुळे फोटॉनही निघतात. १९९७मध्ये आन्टोन त्साइलिंगर यांच्या गटाने केलेल्या क्वांटम टेलिपोर्टेशनच्या प्रयोगातले फोटॉन असेच जन्मले होते.

हे दोन्ही स्फटिक चीनने जगाला विकले. तिसऱ्याची गोष्ट वेगळी. पोटॅशियम, बेरिलियम, बोरॉन, ऑक्सिजन आणि फ्लोरिन यांचा केबीबीएफ १०६४ नॅनोमीटरच्या थेट एक षष्ठांशावर, १७७.३वर, प्रकाश देतो. अतिवाहकांतल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा बारकाईने मोजायला असा प्रकाश फार उपयोगी. पण हा स्फटिक वाढवणं कठीण. अभ्रकासारखा थरांचा, जाडी जेमतेम काही मिलिमीटर, हव्या त्या कोनात कापता येत नाही म्हणून दोन लोलकांमध्ये बसवावा लागतो. शिवाय त्याच्या कच्च्या मालातली बेरिलियम ऑक्साइडची पूड फुप्फुसांना घातक. जपानी संशोधकांनी तो वापरून उत्तम काम केलं होतं. पण चीनने तो बाहेर देणं थांबवल्याची बातमी २००९मध्ये ‘नेचर’ने दिली. २०१६मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने तो स्वतः वाढवल्याचं जाहीर केलं.

याला चीनचा आपमतलबीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. परंतु तंत्रज्ञान अडवून धरण्याचा खेळ त्याआधी कित्येक दशकं श्रीमंत देशच खेळत होते, आणि त्याची झळ चीनइतकीच भारतालाही लागली आहे. तरी नुकसान व्हायचं ते झालंच. जो प्रयोग चार देशांत पडताळला गेला असता तो काही वर्षं मोजक्या प्रयोगशाळांपुरता राहिला. अडवणुकीने अमेरिकेला तोच स्फटिक पुन्हा पहिल्यापासून वाढवायला लावलं. ज्ञान काही कुणाच्या तिजोरीत राहिलं नाही, नुसता वेळ गेला.