मराठी रहस्यकथा : प्रेम हाच धोका

राजूर (ता. भोकरदन, जि. जालना) : जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे राजूर ओळखले जाते ते गणपतीसाठी. अंगारकी चतुर्थीला येथे दूरदूरच्या भाविकांची रीघ लागते. अशा तीर्थक्षेत्राच्या गावी पुस्तकांचे दुकान म्हणजे पोथ्या, आरतीसंग्रह आणि पंचांग. कथा-कादंबरी हवी असेल तर वाचनालय गाठायचे, नाही तर मोठ्या गावाच्या बसस्थानकावरून ती आणायची. मराठी रहस्यकथेचा इतिहास मुंबई-पुण्याच्या प्रकाशकांच्या नावांनी सांगितला जातो. मात्र तिचा वाचकवर्ग बव्हंशी एस.टी.च्या प्रवासात आणि वाचनालयाच्या बाकावर बसलेला होता. शाळेच्या पुस्तकात नसलेले आणि घरातील वडीलधाऱ्यांना न आवडणारे हे वाङ्मय लाखो वाचकांनी उशीखाली ठेवून वाचले.

मराठवाड्यात ते पोचायला थोडा उशीर झाला. भोकरदन, जालना हा सारा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभार व शिक्षण उर्दूत, मराठी पुस्तके बाहेरून येणार आणि वाचनालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे. अशा संस्थांनीच या भागात मराठी वाचन टिकवले. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना मान्यता व अनुदान मिळू लागले आणि कपाटांत पुस्तके वाढली.

रहस्य, गूढ आणि भय

रहस्यकथा, गूढकथा आणि भयकथा हे तिन्ही शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी वापरले जात असले तरी त्यांत फरक आहे. रहस्यकथेत गुन्हा घडलेला असतो आणि शेवटी त्याचा उलगडा होतो. गूढकथेत उलगडा झाला तरी काहीतरी उरते आणि तेच वाचकाला छळते. भयकथेत माणसाबाहेरची एखादी शक्ती दाराशी येऊन उभी राहते. या तिन्हींत प्रेमाचे स्थान कसे बदलत गेले, हे पाहिले की या वाङ्मयातले काय टिकले आणि काय विस्मरणात गेले, याचा बराचसा खुलासा होतो.

आरंभ एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे नेता येतो. इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या कादंबऱ्यांची भाषांतरे व रूपांतरे मराठीत चवीने वाचली जात. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’वरही रेनॉल्ड्सची छाया आहे. गो. ना. दातार ऊर्फ दातारशास्त्री यांच्या ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’, ‘शालिवाहन शक’ या कादंबऱ्यांत भुयारे, गुप्त वाटा, वेषांतरे आणि पळवून नेलेल्या नायिका यांची रेलचेल आहे. येथे प्रेमावर संकट येते, पण ते बाहेरून. शेवटच्या प्रकरणात नायक-नायिकेची गाठ पडणार, याची वाचकाला खात्री असते.

अर्नाळकरांचे युग

बाबूराव अर्नाळकर यांच्याविना या विषयाला हात घालता येत नाही. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या गृहस्थाने १९३६ ते १९८४ या काळात १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्याची नोंद गिनीज बुकाने केली. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. वरकरणी प्रतिष्ठित नागरिक आणि रात्री गुन्हेगारांनाच लुटणारा झुंजार, काळ्या वेषातला काळा पहाड, गुप्तहेर धनंजय आणि त्याचा साथीदार छोटू ही त्यांची पात्रे मराठी घरांत नातेवाइकांसारखी वावरली. एडगर वॉलेस, लेस्ली चार्टरिस अशा इंग्रजी लेखकांकडून त्यांनी मोकळ्या हाताने घेतले. चार्टरिसचा ‘सेंट’ आणि झुंजार यांचे नाते तर उघडच आहे. पण वाक्ये छोटी, संवाद खटकेबाज आणि भाषा स्वच्छ मराठी. नुकतेच अक्षर जुळवू लागलेल्या कामगारापासून वकिलापर्यंत कोणालाही ती अडत नसे.

अर्नाळकरांच्या जगात प्रेम सुरक्षित आहे. नायिका संकटात सापडते, नायक धावून येतो आणि थोडक्या पानांत न्याय होतो. खलनायक भयंकर असला तरी तो परका असतो. वाचक निर्धास्तपणे घाबरतो आणि निर्धास्तपणे झोपतो. त्यांच्या पुढच्या पिढीतल्या गुरुनाथ नाईक यांनीही हजारांहून अधिक कादंबऱ्या लिहून हीच परंपरा चालवली. त्यांचा कॅप्टन दीप सत्तरच्या दशकातील तरुणांना पाठ होता. २०२१ मध्ये नाईक यांचे निधन झाले, तेव्हा अनेकांना एवढा मोठा वाचकवर्ग लाभलेला लेखक आपल्यात इतकी वर्षे होता याचीच प्रथम जाणीव झाली. वाचकाने डोक्यावर घ्यावे आणि समीक्षकाने नावही घेऊ नये, ही या लेखकांची कायमची अवस्था. ती अन्यायाची होती, असे म्हणण्यास आता हरकत नसावी.

‘आशा परत येते’

प्रेमच रहस्य झाले की काय होते, याचे उत्तम मराठी उदाहरण म्हणजे जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी. तिच्यावरून राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ हा चित्रपट काढला. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका होत्या. एका वकिलाची लाडकी पत्नी आजारात जाते. तिचे दहन त्याने स्वतः केलेले असते. आणि मग पोलीस एका गुन्हेगार टोळीशी संबंध असलेल्या स्त्रीला पकडतात. ती हुबेहूब मृत पत्नीसारखी दिसते, मीच तुमची पत्नी असे म्हणते आणि पती-पत्नींखेरीज कोणालाच ठाऊक नसावेत असे प्रसंग भर न्यायालयात सांगू लागते.

या कथेत खुनी कोण, हा प्रश्नच नाही. प्रश्न असा की, ज्या स्त्रीवर आपण जिवापाड प्रेम केले ती खरोखर कोण होती? उलटतपासणी घेणारा वकील दर प्रश्नागणिक आपल्याच संसाराची झडती घेत जातो. ती खोटे बोलत असेल तर मृत पत्नीची विटंबना होते आणि खरे बोलत असेल तर आपण दहन कोणाचे केले? सुटकेची वाट दोन्हीकडून बंद. ही पकड इतकी घट्ट होती की राज खोसला यांनी दोनच वर्षांत, १९६६ मध्ये, तीच कथा ‘मेरा साया’ या नावाने हिंदीत आणली. साधना आणि सुनील दत्त यांचा तो चित्रपट आजही आवर्जून पाहिला जातो. मूळ मराठी कादंबरीचे व तिच्या लेखकाचे नाव मात्र फार थोड्यांना सांगता येते.

रंगभूमीवर याच सुमारास, १९६२ मध्ये, आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ आले. अनेक नावांनी अनेक स्त्रियांशी लग्ने करून त्यांना फसवणाऱ्या लखोबा लोखंडेचा हा खटला प्रत्यक्षात घडलेल्या फसवणुकीवरून बेतलेला होता. प्रभाकर पणशीकरांनी तो अजरामर केला. प्रेक्षक हसत, पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येणारी प्रत्येक स्त्री आपले उद्ध्वस्त झालेले घर सांगत असे, हेही तितकेच खरे.

धारपांची छाया आणि छत्रपती संभाजीनगर

नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी वाचकाला अंधाराची भीती परत दिली. शंभराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. दुष्ट शक्तींशी झुंजणारा त्यांचा ‘समर्थ’ आजही चाहत्यांच्या बोलण्यात असतो. स्टीफन किंगचे ऋण त्यांच्या लेखनात जागोजागी दिसते. ‘शपथ’ वाचताना ‘इट’ आठवल्याशिवाय राहत नाही. मात्र धारपांनी ती भीती मराठी वाड्यात, माजघरात, परसातल्या विहिरीजवळ आणून बसवली, हे त्यांचे स्वतःचे काम होय. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटामागची पहिली ठिणगी धारपांच्या ‘आजी’ या कथेची, आणि त्या कथेचा उगम पुन्हा किंगच्याच एका कथेत. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले. उसनवारीची ही साखळी लपवण्याजोगी नाही. ती नोंदवली गेली पाहिजे, कारण त्या त्या काळात मूळ लेखकांचे ऋण अनेकदा छापलेच गेले नाही.

राजूरच्या वाचकाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते. धारपांची पुस्तके नव्याने छापण्याचे मोठे काम छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने केले. लेखक बाबा भांड यांनी स्थापन केलेली ही संस्था. एकेकाळी ज्या भागात मराठी पुस्तक बाहेरून यावे लागत असे, तेथूनच आता मराठी भयकथा राज्यभर जाते.

घरातला धोका

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथेत गुप्तहेर नसतो आणि बहुधा पोलीसही नसतात. ‘गहिरे पाणी’, ‘खेकडा’, ‘कबंध’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ या संग्रहांतील माणसे चाळीत आणि ब्लॉकमध्ये राहणारी, बँकेत नोकरी करणारी आहेत. मतकरी स्वतः १९७८ पर्यंत बँकेत होते. धोका असतो तो जवळच्या माणसाच्या मनात. मत्सर, हट्ट, सोडवत नाही अशी माया. एखादे माणूस दुसऱ्यावर इतके प्रेम करते की मरणानंतरही त्याला सोडत नाही, ही कल्पना त्यांनी वेगवेगळ्या अंगांनी तपासली. अर्नाळकरांचा वाचक पुस्तक मिटून झोपत असे. मतकरींचा वाचक शेजारी झोपलेल्या माणसाकडे एकदा पाहून घेई.

सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी सुरुवात केली ती रहस्यकथेतूनच. वकील अमर विश्वास, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद ही त्यांची पात्रे. ‘दुनियादारी’ (१९८२) रहस्यकथा नव्हे, पण कट्ट्यावरच्या तरुणांच्या विफल प्रेमांची ती गोष्ट ज्या वेगाने वाचली जाते, तो वेग त्यांनी रहस्यकथा लिहीतच कमावलेला. २०१३ च्या चित्रपटाने तिला नवी पिढी मिळवून दिली. ‘समांतर’मध्ये तर त्यांनी दोन्ही धागे एकत्र विणले. एका माणसाचा भूतकाळ हा दुसऱ्याचा भविष्यकाळ आहे, असे त्या दुसऱ्याला कळते. सतीश राजवाडे यांनी २०२० मध्ये आणलेल्या वेबमालिकेत स्वप्नील जोशी यांनी ही भूमिका केली. २०२१ च्या दुसऱ्या भागात, एक स्त्री आपल्या आयुष्यात येणार, हे नायक रोजनिशीत आधीच वाचतो. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही तो तिकडेच जातो. प्रेमाला नियतीचा शाप असणे ही आपल्याकडे जुनीच कल्पना, फक्त येथे तो शाप वहीच्या पानावर तारखेवार लिहिलेला असतो.

अलीकडे हृषीकेश गुप्ते यांनी ‘अंधारवारी’, ‘घनगर्द’ व ‘दंशकाल’ यांतून ही वाट पुढे नेली आहे. त्यांची पुस्तके साहित्याच्या मुख्य दालनात ठेवली जातात, हा काळाचा बदल.

मानवत

कल्पनेतील अंधाराची सवय झालेल्या मराठवाड्याला प्रत्यक्षातला अंधार पाहावा लागला तो १९७२ ते १९७४ या काळात. जालन्याशेजारच्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे एकामागून एक लहान मुली व स्त्रियांचे खून झाले. गुप्तधनाचा लोभ, अपत्यप्राप्तीची आस, एक श्रीमंत घर आणि त्या घराच्या मालकाचे विवाहबाह्य संबंध अशी तपासातून पुढे आलेली पार्श्वभूमी होती. मुंबईत रामन राघव प्रकरणाचा छडा लावणारे पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे हा तपास आला. अंधश्रद्धा, लपवलेले नाते अशा रहस्यकथेच्या खुणा येथे होत्या. फरक इतकाच की मेलेली मुले खरी होती.

विजय तेंडुलकर यांनी यावरून पटकथा लिहिली आणि अमोल पालेकर यांनी १९८१ मध्ये ‘आक्रित’ केला. फ्रान्समधील नान्त येथील महोत्सवात त्याला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले. कोणी केले, हे त्यात फार काळ झाकून ठेवलेले नाही. एका बाईला आपला पुरुष हातचा जाऊ द्यायचा नाही आणि त्यासाठी ती कुठवर जाईल, हे प्रेक्षकाला पाहत बसावे लागते. कुलकर्णी यांच्या आठवणींच्या इंग्रजी पुस्तकावरून २०२४ मध्ये आशिष बेंडे दिग्दर्शित ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली, तिच्यात कुलकर्णी यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली. मालिका मोबाइलवर केव्हाही पाहता येते. अर्नाळकर-नाईकांच्या शेकडो पुस्तिकांचे तसे नाही. खिशात मावणाऱ्या, हलक्या कागदावरच्या त्या प्रती हाताळून फाटल्या, वाचनालयांच्या नोंदवहीत ‘बाद’ असा शेरा मिळून रद्दीत गेल्या. काही निवडक कथा पुन्हा छापल्या गेल्या. बाकीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आणि संग्राहकांच्या ट्रंकांत आहेत, तेवढ्याच.