स्टिअरिंग डावीकडे, गाडीही डावीकडे!

सिंगल रोडवर ट्रकच्या मागे अडकलात की काय करता? गाडी जराशी उजवीकडे काढून समोर डोकावता. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून हे जमतं.

स्वीडनमध्ये मात्र गंमतच होती. वाहतूक डावीकडून आणि बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच! म्हणजे समोरचं दिसायला जवळजवळ अख्खी गाडी बाहेर काढायची. जिवाशीच खेळ. शेजारचे नॉर्वे, फिनलंड उजवीकडून चालणारे. तरी १९५५च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोक बदलाला 'नाही' म्हणाले!

शेवटी १९६३ मध्ये संसदेनेच निर्णय घेतला. ३ सप्टेंबर १९६७, पहाटे पाच वाजता सगळा देश उजवीकडे आला.

थोडक्यात काय, ड्रायव्हर रस्त्याच्या मध्याकडे हवा. लाखो गाड्यांची स्टिअरिंग हलवण्यापेक्षा त्यांनी रस्त्याची बाजूच बदलली. सवय मोडायला बारा वर्षं लागली, एवढंच.