तीन चेंडू, दोन हात आणि महिनाभराची मुदत

एखादे नवे शारीरिक कौशल्य ठरावीक मुदतीत आत्मसात करण्याचा पण हल्ली अनेक जण करतात. कुणी सुट्टीत पोहायला शिकतो, कुणी चाळिशीत सायकलवर बसतो. अशा पणासाठी सर्वांत सोयीचे आणि शास्त्रज्ञांनीही वारंवार पारखलेले एक कौशल्य म्हणजे तीन चेंडू दोन हातांनी सतत हवेत खेळते ठेवणे, अर्थात जगलिंग. सर्कशीतल्या विदूषकामुळे ते पोरकट वाटते खरे. पण त्याला खर्च नाही, जागा हातभर पुरते आणि यशापयश लपवता येत नाही. चेंडू एक तर हातात असतो, नाही तर जमिनीवर. सागरगोटे खेळत वाढलेल्या जुन्या पिढीतील स्त्रियांना त्यातली निम्मी विद्या आधीच अवगत असते.

सुरुवात एकाच चेंडूने करावी. उजव्या हातातील चेंडू डोळ्यांच्या उंचीपर्यंत कमान घेत डाव्या हातात आणि तसाच परत, एवढेच काम कंटाळा येईपर्यंत करावे. नंतर दोन चेंडू घ्यावेत. पहिला कमानीच्या शिखरावर पोहोचला, की दुसरा त्याच्या खालून, आतल्या बाजूने सोडायचा. नवशिक्याची हमखास होणारी चूक येथे दिसते. दुसरा चेंडू वर न उडवता तो सरळ एका हातातून दुसऱ्या हातात सरकवला जातो. ही खोड मोडल्याखेरीज तिसरा चेंडू हाती घेण्यात अर्थ नाही. तीन चेंडू घेताना दोन एका हातात, एक दुसऱ्या हातात असतो व सुरुवात दोनवाल्या हातानेच करावी लागते. नजर हातांकडे नव्हे, कमानीच्या शिखराकडे हवी. चेंडू पुढे पुढे जात असतील, तर भिंतीकडे तोंड करून उभे राहावे. पलंगासमोर उभे राहिल्यास प्रत्येक वेळी वाकण्याचा त्रास वाचतो. उसळणाऱ्या रबरी चेंडूंपेक्षा धान्य भरलेल्या कापडी पिशव्या बऱ्या, कारण त्या पडल्या जागी थांबतात.

माहितीशास्त्राचे जनक क्लॉड शॅनन स्वतः जगलिंग करीत आणि त्याविषयी त्यांनी एक प्रमेयही मांडले आहे. चेंडू हवेत किती वेळ असतो, हातात किती वेळ राहतो, हात रिकामा किती वेळ असतो आणि चेंडू व हात किती आहेत, यांचा मेळ त्यात घातलेला आहे. नवशिक्याला त्यातून एक व्यवहारी गोष्ट कळते. गोंधळ उडाला की माणूस घाईने, खालून फेकू लागतो. त्यामुळे हाताशी असलेला वेळ आणखी कमी होतो. वेळ हवा असेल, तर फेक उंच हवी. मात्र फार उंच फेकीतील किंचित तिरकेपणाही खाली येईपर्यंत फूटभर होतो, म्हणून डोळ्यांची उंची हा मध्यम मार्ग.

मेंदूतील बदल

जर्मनीतील रेगेन्सबुर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही तरुणांना तीन महिने जगलिंग शिकवले. किमान ६० सेकंद चेंडू खेळते ठेवणे ही कसोटी होती. आधी व नंतर घेतलेल्या मेंदूच्या चित्रांची तुलना केली असता, हलणाऱ्या वस्तूंचा वेध घेणाऱ्या भागांतील करडे द्रव्य वाढलेले आढळले. प्रौढ मेंदूची रचना बदलत नाही, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. साठीच्या आसपासच्या व्यक्तींवर २००८ मध्ये असाच प्रयोग झाला. त्यांचे प्रावीण्य तरुणांइतके नव्हते, पण ते शिकले आणि त्यांच्याही मेंदूत बदल दिसला. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २००९ मध्ये सहा आठवड्यांच्या सरावानंतर मेंदूतील पांढऱ्या द्रव्यातही फरक नोंदवला. शेवटी कोण किती चांगले खेळू लागला, याच्याशी त्या फरकाचे प्रमाण जुळले नाही. चेंडू पडत राहिलेल्यांनाही हे दिलासा देणारे आहे.

वेळ कसा वाटावा

पण करणारे बहुतेक जण रविवारी चार तास घाम गाळतात आणि उरलेला आठवडा चेंडूंना हात लावत नाहीत. यासंदर्भात ब्रिटनमधील पोस्टमनांवर झालेला, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फार बोलका आहे. टपालाच्या वर्गवारीसाठी त्यांना कळफलक शिकवायचा होता. अ‍ॅलन बॅडली व त्यांच्या सहकाऱ्याने चार गट केले. एका गटाला दिवसाला एकच तास, एका गटाला दोन सत्रांत मिळून चार तास आणि इतर दोन गटांना दोन तास सराव देण्यात आला. रोज एक तास शिकणाऱ्यांना तेवढेच कौशल्य मिळवायला एकूण तास सर्वांत कमी लागले. अर्थात दिवस जास्त लागले. गंमत अशी, की आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाखूश तेच होते. आपण मागे पडत आहोत, असे त्यांना वाटत राहिले.

सरावाच्या क्रमाबाबतही असाच चकवा आहे. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या ठरावीक क्रमाच्या तीन हालचाली दोन गटांना शिकवल्या. एका गटाने एकेक हालचाल घोटून मगच पुढची घेतली, दुसऱ्याने तिन्ही उलटसुलट केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस ठरला, पण दहा दिवसांनी घेतलेल्या परीक्षेत बाजी दुसऱ्याने मारली. अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉल फलंदाजांबाबतही १९९४ मध्ये हेच दिसले. तीन प्रकारच्या चेंडूंचा मिसळून सराव केलेले खेळाडू अधिक सुधारले. नेटमध्ये एकाच टप्प्यावरचे चेंडू तासभर खेळणाऱ्या क्रिकेटपटूंनीही याचा विचार करायला हरकत नाही. जगलिंगमध्ये हे करायचे, तर एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने सुरुवात करावी, फेकीची उंची बदलावी. अगदी पहिल्या दोन-तीन दिवसांत मात्र ही सरमिसळ नको. आधी एक फेक तरी बसली पाहिजे.

झोपेचा वाटाही मोठा असल्याचे मानले जाते. हार्वर्डमधील संशोधकांच्या २००२ च्या प्रयोगात ठरावीक क्रमाने कळा दाबण्याचा वेग एका रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये कोणताही सराव नसताना, सुमारे २० टक्क्यांनी वाढला. त्यातला काही भाग केवळ थकवा उतरल्याचा परिणाम असावा, असा आक्षेप पुढे घेतला गेला. कारण कोणतेही असो, शिकणाऱ्याने करायची गोष्ट तीच राहते. दमेपर्यंत ताणू नये. वीस मिनिटे झाली की चेंडू ठेवून द्यावेत.

प्रगती मोजायची, तर सत्राच्या अखेरचा सर्वोत्तम आकडा वहीत लिहू नये. तो हात तापल्याचा आकडा असतो. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या दहा प्रयत्नांत सरासरी किती झेल होतात, ते नोंदवावे. हा आकडा लहान असतो, मधूनच मागेही जातो आणि आठवडाभर जागचा हलत नाही. याच काळात बहुतेक जण चेंडू कपाटात टाकतात.

मिनिटभर जमल्यावर चौथ्या चेंडूचा मोह होतो. पण चार म्हणजे तीन अधिक एक असा हिशेब नाही. चार चेंडूंच्या प्रचलित पद्धतीत चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात जातच नाहीत. प्रत्येक हात आपले दोन स्वतंत्रपणे खेळवतो, त्यामुळे बरेचसे नव्याने शिकावे लागते. तूर्त तीनच टिकवणे बरे. रेगेन्सबुर्गच्या प्रयोगातील तरुणांनी तीन महिने सराव थांबवला, तेव्हा वाढलेले करडे द्रव्य पुन्हा बरेचसे ओसरलेले आढळले होते. मात्र एकदा शिकलेले पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. वर्षानुवर्षांनी सायकलवर बसलेल्या माणसाला हे पहिल्या वळणावरच कळते.